बिनवासाची चटई

आणि छपराला बुरशी आली म्हणून अख्खं स्वयंपाकघरच उतरवायचं, हा न्याय कुठला, आत्या? गेल्या पावसात आतोबांच्या पायाला बुरशी आली होती (बोटांच्या बेचक्यात, पांढरी, ओली, तू फोनवर अगदी रंगवून सांगितलंस आणि मी तेव्हा जेवत होतो), तेव्हा तू चर्चच्या पोरांना बोलावून आतोबांना उतरवलं नाहीस. मलम आणलंस. मग माझ्या आईच्या स्वयंपाकघरालाच पंधरा तारीख का? हेच मी फोनवर विचारणार होतो, पण तुझं बोलून झालं आणि माझी पाळी आली की नेमके तुझ्या फोनातले पैसे संपतात. ते पैसे मीच भरतो, तेव्हा किती होते ते मला ठाऊक असतं. असो. म्हणून पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही. लोल्टोंगचा जोएल परवा घरी निघालाय, त्याच्या हाती देतोय. त्याने वाचू नये म्हणून चिकटपट्टीचे चार वेढे मारलेत. तरी वाचत असशील तर जोएल, पुढे तुझ्याबद्दलही आहे.

आता रीतीने. माझ्या वडिलांची थोरली बहीण, चटई विणण्यात अख्ख्या पेंटेकोस्ट बेटावर जिचा हात कोणी धरत नाही आणि जिच्या जिभेपुढे पाद्रीसुद्धा प्रवचन आवरतं घेतो, त्या मेबल आत्येस पॅटसनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? धुराने चुरचुरणारे डोळे कसे आहेत? (डोळ्यांचं मी विसरलेलो नाही, त्यावर पुढे येतोच.) आतोबांचा पाय कोरडा झाला का? डुकराचा सुळा किती वळला? मी निघालो तेव्हा तो जेमतेम ओठाबाहेर आला होता. तीन वर्षांत अर्धा वळसा तरी झाला असेल. माझ्या लग्नात मुलीकडच्यांना द्यायला म्हणून तू त्याला पोसतेस हे मला माहीत आहे, पण सुळा माझ्यापेक्षा जास्त नेमाने वाढतोय असं दिसतं.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत. वजन चार किलो वाढलं. इथे भात मिळतो, कोंबडी मिळते, रताळी मिळतात. रविवारी कंद किसून आम्ही लापलापसुद्धा करतो, पण केळीच्या पानाऐवजी चंदेरी कागदात, आणि तापलेल्या दगडांऐवजी गॅसच्या भट्टीत, त्यामुळे ते दिसायला लापलाप असतं आणि खायला वाफवलेला पुठ्ठा. तरी मला घरची आठवण वगैरे येत नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तू भलताच अर्थ काढशील आणि शेजारपाजारच्या बायकांना सांगत सुटशील. हे पत्र मी फक्त बुरशी या विषयावर लिहितोय. बुरशी हा आता माझा धंदा आहे.

हो, पत्र्यासाठी ऐंशी हजार वटू मीच पाठवले होते. कबूल. 'आईचं जुनं पाडा, पत्र्याचं नवं बांधा, गॅस घ्या' हे माझेच शब्द, आणि ते तू आता ज्याला त्याला म्हणून दाखवतेस असं कळलं. पण ते मी आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात बोललो होतो. तेव्हा मी इथेच पण वर उत्तरेला, केळ्यांच्या कामावर होतो. आईच्या वेळी मला येता आलं नाही. दोन विमानं बदलायची, त्यातलं एक पावसाने उडेना, आणि आपल्याकडे माणूस त्याच दिवशी मातीआड करतात. त्यावरून तू मला जे बोललीस ते मी ऐकून घेतलं, एक अक्षर उलटून बोललो नाही. मग पैसे पाठवले. ज्याला येता येत नाही तो पैसे पाठवतो, आणि पैसे पाठवणाऱ्याला वाटतं की काहीतरी मोठं पाडून मोठं बांधलं तर आपण तिथे होतो असं होईल. आता मला बुरशीतलं कळतं. तेव्हा कळत नव्हतं. एवढाच फरक.

केळ्यांवरून मी संत्र्यांवर आलो आणि संत्र्यांवरून भुईमुगावर. (एका जागी बूड टिकत नाही, हे तुझं वाक्य. तू लिहायच्या आत मीच लिहिलं.) इथली माती लाल आहे, तू चटई रंगवायला मुळं उकळतेस त्या पाण्यासारखी लाल, आणि ती कपड्यांतून जात नाही. गावात दुसरं काही नाही: शेंगांचं मोठं उभं कोठार, एक दुकान, आणि आम्ही राहतो ते डब्यांसारख्या घरांचं आवार. एका डब्यात मी आणि तान्ना बेटावरचा याती. याती चांगला माणूस आहे, पण तान्नाचा आहे. म्हणजे संध्याकाळी वाटीत मुळांचा कावा ओतून, आपल्या बेटावरचा कावा पाण्यासारखा असतो असं तो रोज सांगतो आणि आपल्या बेटावरचा माणूस कावा संपेपर्यंत ऐकून घेतो.

आता नाकाची गोष्ट. 'आधी नाक येतं, मग पोरगा येतो' असं तू मला चालायला लागल्यापासून म्हणत आलीस. आत्या, ते नाक आज पगारावर आहे. झालं असं, की आमच्या शेंगांच्या शेडमध्ये एक डॉक्टरीण आली, डॉक्टर थिया. ही दुखण्याची डॉक्टर नाही. (पहिल्याच दिवशी मी तिला गुडघा दाखवला, तेव्हा कळलं. तिने बघितला मात्र. म्हणाली, गुडघा आहे.) ती बुरशीची. तिने मोठ्या शाळेतून एक यंत्र आणलंय आणि ते आमच्या शेडच्या कोपऱ्यात लावून रोज दाणे तपासते. पण एका आजारात तिचा वास गेला. नाक जागेवर, वास गायब. तेव्हा तिला हुंगणारा माणूस पाहिजे होता. मुकादम नोएलने आम्हा आठ जणांना ओळीत उभं केलं आणि समोर दहा डबे ठेवले. कुबट कुठले ते ओळखा. सात जणांनी दहाही डब्यांना छान छान म्हटलं, कारण त्यांना वाटलं आपल्याला खायला देणार आहेत. मी तीन डबे बाजूला काढले. दोन तिला आधीच माहीत होते. तिसऱ्याला तिने नकार दिला, मग नळ्यांमध्ये घालून बघितलं आणि दुपारी परत येऊन माझं नाव विचारून घेतलं. नोएलने विचारलं, कुठे शिकलास? मी म्हणालो, खोबऱ्याच्या पोत्यावर. लहानपणी खोबऱ्याच्या भट्टीजवळ पोत्यावर झोपायचो, आणि कुठल्या पोत्याला ओल लागलीय हे आई मला झोपेतून उठवून विचारायची. शाळा सहावीत सुटली, पण ही शाळा सुटली नाही.

बुरशी नीट समजून घे आत्या, कारण तुझी पंधरा तारीख तिच्यावर उभी आहे. पाऊस हुकला आणि शेंगा तहानल्या की जमिनीतच त्यांना एक पिवळट-हिरवी बुरशी धरते. ती बुरशी मारता येते. पण ती मेली तरी तिचं विष दाण्यात राहतं. भाजून जात नाही, धुऊन जात नाही, दिसत नाही, चवीला लागत नाही. तुझ्या टोमण्यासारखं: तू बोलून विसरतेस आणि मला वर्षभर पुरतं. त्या विषासाठी हे यंत्र. त्यात थंड वीज आहे. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत वीज सोडतात, पण ती कडाडत नाही, जाळत नाही. तिथल्या हवेलाच चेतवते. आणि तेव्हा असा उजेड पडतो आत्या, की कोनफळ चिरल्यावर आत जो जांभळा दिसतो ना, तोच, पण हलणारा. ती चेतलेली हवा बुरशी मारते आणि विषाचीही मोडतोड करते, दाणा मात्र हाताला गारच लागतो. सगळं विष जातं का असं मी विचारलं. डॉक्टर थिया 'सगळं' असं कधी म्हणत नाही, 'बऱ्याच अंशी' म्हणते आणि आकडा सांगते. आपल्या गावात अशी एक जरी बाई असती तर निम्मी भांडणं झाली नसती. (कोणावर रोख नाही.)

यंत्राची खोड एकच. ती हवा जिथे पोचते तिथेच काम होतं. दाण्याखाली दाणा लपला, की खालचा जसाच्या तसा. म्हणून माझं काम असं: दाणे ट्रेमध्ये एक थर पसरायचे, आत घालायचे, फिरवायचे, परत घालायचे. आणि आधी एकदा, नंतर एकदा हुंगून वहीत शून्य ते पाच आकडा लिहायचा. वास किती, एवढंच. चांगला की वाईट, हा रकाना त्या वहीत नाही.

आता एक हकिकत सांगतो, ती निव्वळ यंत्राचा गुण कळावा म्हणून. मी निघालो तेव्हा आईने मला चटई दिली होती. तिच्या हातची शेवटची (तेव्हा शेवटची हे कोणालाच माहीत नव्हतं), जिची किनार घाईत तू पुरी केलीस आणि जी वाकडी आहे. हे मी तीन वर्षं पोटात ठेवलं होतं, आता लिहून मोकळा झालो. ती चटई विणून झाल्यापासून चुलीवरच्या वाशाला टांगलेली होती, त्यामुळे तिला आईच्या स्वयंपाकघराचा सगळा वास होता: नारळाच्या सोडणांचा धूर, बुराऊच्या लाकडाचा धूर, तारोचं करपलेलं साल, दगडांवर उतू गेलेलं नारळाचं दूध, आणि आईच्या केसांचं तेल. ब्रिस्बेनच्या विमानतळावर सामान हुंगायला कुत्रा असतो. त्याने चटई हुंगली आणि तिथेच खाली बसला. साहेबाने चटई उलटीपालटी केली, झटकली, बी नाही, किडा नाही. कुत्र्याला ओढलं, तो उठेना. साहेब म्हणाला, यात खायचं काही होतं का? मी म्हणालो, वीस वर्षांचं जेवण.

तू निघताना मला बजावलं होतंस: चटई झोपायला असते, पेटीत ठेवायला नसते. मी पेटीत ठेवली. प्लास्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ. वाटायचं, अंथरली तर वास झिजेल. महिन्यातून एकदा गाठ सोडायची, नाक आत घालायचं, पुन्हा गाठ मारायची. (आठवण म्हणून नाही. नाकाला सराव लागतो. माझा पगार नाकावर आहे.) आई गेली त्यानंतर आठवड्यातून एकदा. मग फेब्रुवारीत इथे सतरा दिवस पाऊस लागला, आमच्या डब्याचं छत खाटेवर गळायला लागलं, आणि मी गाठ सोडली तर चटईवर हिरवे-पांढरे ठिपके, शाळेतल्या नकाशात आपली बेटं असायची तसे, लहान, मोठे, एकाखाली एक. नाक घातलं. वहीत लिहायचं तर बुरशी चार. पण तिच्या मागे आई अजून होती, तीन.

याती म्हणाला, 'उन्हात टाक.'

मी म्हणालो, 'ऊन कुठंय?'

'मग टाकून दे.'

'तुझ्या आईची असती तर?'

'माझी आई अशी पातळ चटई विणतच नाही.' मग माझं तोंड बघून तो जरा वरमला. म्हणाला, 'अरे, तू अख्ख्या देशाची बुरशी मारतोस दिवसभर. बुरशीला काय कळतं ती शेंगेवर बसलीय की चटईवर?'

आत्या, तान्नाचा माणूस कधी शहाण्यासारखं बोलला, तर तिथेच सावध व्हायला पाहिजे. मी झालो नाही. शनिवारी दुपारी नोएल गाडीत बसून क्रिकेट ऐकत जेवतो, डॉक्टर थिया गावात जाते. आम्ही चटई दाण्यांच्या पोत्यात घालून शेडमध्ये नेली. यातीला दारात उभं केलं. कोणी आलं तर खोकायचं, असं ठरलं. (ही योजना त्याची. शेडमध्ये शेंगांची धूळ इतकी, की तिथे उभा राहिलेला माणूस दिवसभर खोकतो. तो पहिल्या मिनिटाला खोकला, मी चटई पोत्यात कोंबली. कोणी नाही. पुन्हा काढली. तो पुन्हा खोकला. असं चार वेळा झाल्यावर मी त्याच्या खोकल्याकडे लक्ष देणं सोडून दिलं.) ट्रे हातभर रुंद आणि चटई दोन पुरुष लांब. मी तिच्या घड्या घातल्या आणि आत सरकवली. जांभळा उजेड पडला. चटईच्या दशा ट्रे आत नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या फिरत्या रुळात गुंतल्या, त्या सोडवायला मी यंत्र बंद केलं, सोडवल्या, पुन्हा सुरू केलं, आणि यातीच्या पाचव्या खोकल्याला डॉक्टर थिया माझ्या मागे उभी होती.

'पॅटसन, हे काय आहे?'

'चटई.'

'ते दिसतंय मला.'

मला वाटलं, आता लोल्टोंगच्या जोएलच्या आधी मीच घरी. पण ती ओरडली नाही. तिने विचारलं, किती वेळ ठेवलीस? मी म्हणालो, एकेक बाजू दहा मिनिटं. ती म्हणाली, आणि घडीच्या आतली बाजू? तिने घडी उलगडून दाखवली. बाहेरचे ठिपके मेलेले, आतले जसेच्या तसे. 'रोज दाण्यांना शिकवतोस, आणि स्वतः विसरलास?' असं म्हणून तिने कोट काढला, बाह्या वर केल्या, आणि पुढचा दीड तास आम्ही तिघांनी (याती आता खोकायचा थांबला होता) ती चटई वीत वीत पुढे सरकवत, एकही घडी न पडू देता, दोन्ही बाजूंनी त्या उजेडातून काढली. नीट, निगुतीने, एक बोट जागा न सोडता. ती इतक्या मनापासून मदत करत होती की मला थांबवता आलं नाही. आणि थांबवायचं कशाला, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

चटई स्वच्छ झाली. एक ठिपका नाही. तुझा तीन उकळ्यांचा लाल रंगही निम्मा उतरला, आता ती डुकराच्या पिल्लाच्या पोटासारखी गुलाबी आहे. डॉक्टर थियाने खुशीत वही पुढे केली. 'आकडा?'

मी नाक लावलं. वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसा वास होता, आणि तोही बघता बघता विरला. मी दुसऱ्या टोकाला लावलं. मग मध्यावर, जिथे आईचे गुडघे टेकायचे. मग किनारीला. मग गुडघ्यांवर बसून अख्खी चटई हुंगली, विमानतळावरच्या कुत्र्यासारखी. आत्या, माझ्या नाकाने आजवर एक आकडा खोटा लिहिलेला नाही. शून्य लिहिलं.

ती म्हणाली, 'आणि आधीचा किती होता?'

मी म्हणालो, 'तुमच्या वहीत पाचापर्यंतच आहे.'

मग तिने वही मिटली आणि तो रकाना तसाच ठेवला. रिकामा रकाना दिसला की एरवी ती नोएललासुद्धा सोडत नाही.

परत जाताना चटईचं भेंडोळं यातीने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. डब्याच्या दारात म्हणाला, 'वजनाला तरी हलकी झाली.' त्याला तेवढंच सुचलं. मी रागावलो नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण गोष्ट इथे थांबली असती तर ती माझी गोष्ट कसली. यातीच म्हणाला, धुराचा वास गेला तर धूर दे. आमच्या आवारात मांस भाजायची एक लोखंडी चूल आहे. रविवारी आम्ही तिच्यात लाकडं पेटवली आणि चटई वर दोरीला टांगली. आता इथे मैलोन् मैल एकच झाड, निलगिरी. तिच्या धुराने चटईला सर्दीच्या औषधाचा वास लागला. वर जाळीला आदल्या दिवशीच्या सॉसेजांची चरबी चिकटलेली, ती वितळली. याती लांब उभा राहून हुंगत म्हणाला, 'तुझी आई सर्दी झालेली असताना सॉसेज विकायची का रे?' मी हसलो, आत्या. खरंच हसू आलं. आई असती तर तीही हसली असती, आणि मग त्याच्या डोक्यात पळी घातली असती. एवढ्यात आवाराची मालकीण पाण्याची नळी घेऊन धावत आली, कारण धूर रस्त्यापर्यंत गेला होता. तिने आधी पाणी मारलं आणि मग विचारलं. चटई, मी, चूल, सगळं भिजलं. म्हणाली, ही गालिचे भाजायची जागा नाही. तेही बरोबरच होतं. चटई मग चार दिवस सुकवली, आणि ओला वासही गेला. पुन्हा शून्य.

तर मुद्दा असा. मी डॉक्टर थियाला एकदा सहज विचारलं (तुझं नाव न घेता, 'एका गावातली एक बाई' एवढंच म्हणून), की पानांच्या छपराला बुरशी का येते? तिने विचारलं, खाली चूल असते का? मी म्हणालो, होती. ती म्हणाली, होती म्हणजे? आणि तिथेच मला सगळं कळलं, तिने पुढे काय सांगितलं ते मी ऐकलंही नाही. आत्या, नातांगुराच्या पानाचं छप्पर खाली रोज धूर असला तर वीस वर्षं टिकतं, हे तूच मला लहानपणी सांगितलंस. आई होती तोवर त्या छपराला एक ठिपका नव्हता; काळं, चकचकीत, टणक. आई गेल्याला दीड वर्ष झालं. दीड वर्षात तिथे कोणी काडी पेटवली नाही. तू दार ओढून घेतलंस, दोरीने बांधलंस, कोणाला आत जाऊ दिलं नाहीस. का ते मला माहीत आहे, कारण मीही पिशवीला गाठ मारूनच बसलो होतो. दोघांनी जपायला म्हणून कोंडलं आणि दोघांच्याही हाती बुरशी आली. माझी चूक मी दुरुस्त करायला गेलो तर काय झालं ते वर लिहिलंय. तुझी अजून पंधरा तारखेपर्यंत शिल्लक आहे.

तुझ्या डोळ्यांचं विसरलेलो नाही. तुला पत्रा पाहिजे, गॅस पाहिजे, डोळ्यांना आराम पाहिजे, आणि तो तुला मिळायलाच पाहिजे. ते ऐंशी हजार त्यालाच लाव. तुझं नवं स्वयंपाकघर शेजारी बांध, वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे धूर तुझ्याकडे येणार नाही. पोरं पंधराला येणारच असतील तर येऊ देत, त्यांना त्या कामाला लाव. आईचं फक्त उतरवू नकोस. हा भावनेचा प्रश्न नाही, छपराच्या निगराणीचा आहे. या पत्रात मी माझ्यासाठी काहीही मागितलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

आतोबांना नमस्कार, डुकराला चारा, पाद्रीबाबांना धीर.

तुझा मोठ्या नाकाचा भाचा,
पॅटसन

ता. क. जोएल येताना चष्मा घालून येईल आणि इंजिनियरसारखा चालेल. त्याला नंबर नाही. काच साधी आहे.

ता. क. दुसरा. घरची आठवण येत नाही असं वर लिहिलंय. त्या ओळीच्या वर बरीच खाडाखोड दिसेल. ती पेन खराब होतं म्हणून.

ता. क. तिसरा. जोएलकडे एक तपकिरी कागदाचं भेंडोळं आहे. ती चटई आहे. (रंग बघून मला शिव्या दे, मी ऐकणार नाहीये, तेव्हा मोकळेपणाने दे.) आईच्या चुलीवर, जिथे ती टांगायची, दारातून आत गेल्यावर डावीकडच्या तिसऱ्या वाशाला, तिथेच टांग. खाली रोज चूल पेटली पाहिजे. तू बसू नकोस, तुझे डोळे, आतोबांना बसव. नाकामालमध्ये कावा पीत संध्याकाळभर भिंतीला टेकून बसायला त्यांना जमतं, तर चुलीपाशीही जमेल. सोडणं घालायची, बुराऊ घालायचं, दुसरं लाकूड नको. तारो भाजताना साल थोडं करपू द्यायचं. आणि नारळाचं दूध अधूनमधून उतू जाऊ द्यायचं. आईचं नेहमी उतू जायचं आणि तू तिला त्यावरून बोलायचीस, 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून. ते काम मात्र आतोबांना जमणार नाही. ते तू कर. त्या वेळी बोल पण तसंच, मोठ्याने.

मी नोव्हेंबरात येतो, करार तेव्हा संपतो. माझे डोळे बांधून मला दारातून आत घे, मी आकडा सांगेन. मला कळतं की तो तिचा वास नसेल. तुझ्या हातचा असेल. चालेल आत्या, किनारही तुझीच आहे.

छपराच्या कुजलेल्या भागासाठी नातांगुराच्या पानांच्या एकशेवीस पट्ट्या, आतोबांचा तंबाखू, आणि उतू जाणारे नारळ (आपल्याच झाडाचे आहेत हे माहीत आहे, तरी धरलेत), मिळून जोएलच्या हाती बत्तीस हजार वटू.